जुन्या चिप्स कशा ठेवायच्या आणि कशा मांडायच्या



आजचा भाग एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच आहे आणि ती अजून भरून निघालेली नाही.

बंगालमध्ये भाद्रपदात एक काम घरोघर निघतं. पावसानं उघडीप दिली, ऊन कडक पडलं, की रजया, लोकरीचे कपडे, रेशमी साड्या, जुनी पुस्तकं, सगळं गच्चीवर नेऊन उन्हात टाकायचं. पावसाळाभर कपाटांनी जी ओल पिऊन घेतलेली असते ती एकदाची बाहेर काढायची. आमचं घर बराकपूरला, हुगळी नदीपासून चालत दहा मिनिटांवर. माझी बायको इथलीच. निवृत्तीनंतर इथे स्थायिक झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी तिनं गच्चीवर सतरंज्या अंथरल्या, तेव्हा मीही माझी फौजेतली काळी ट्रंक वर नेली. त्यात तीस-पस्तीस वर्षं जमवलेल्या चिप्स होत्या. ट्रंकेला कुबट वास येत होता, काही चिप्सच्या पायांवर तपकिरी ठिपके दिसत होते. म्हटलं, आपणही ऊन दाखवू. रोज सकाळी दहा ते दुपारी तीन, असे पंधरा-सोळा दिवस मी त्या ताटांत मांडून उन्हात ठेवल्या.

त्यात नऊ ईप्रॉम होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईप्रॉम म्हणजे प्रोग्राम साठवून ठेवणारी चिप. तिच्या पाठीवर मधोमध गोल काचेची खिडकी असते, आत डोकावलं तर सिलिकॉनचा चौकोनी तुकडा चमकताना दिसतो. संग्रहातली सगळ्यात देखणी चीज हीच, पाहुणे आधी तिलाच हात घालतात. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ती आणली. आत प्रत्येक बिटासाठी एक बारीकसं बेट असतं, चारही बाजूंनी सिलिकॉन ऑक्साइडनं म्हणजे एका प्रकारच्या काचेनंच वेढलेलं. त्या बेटावर इलेक्ट्रॉन ढकलून बसवले की बिट शून्य झाला, नाही बसवले तर एक. वीज बंद केली तरी इलेक्ट्रॉन तिथेच बसून राहतात, कारण बाहेर पडायला वाट नाही. वाट करून द्यायची असेल तर अतिनील प्रकाश लागतो. खिडकी त्यासाठीच आहे, आणि ती साध्या काचेची नसून क्वार्ट्झची असते, कारण साधी काच हा प्रकाश अडवते. खास दिव्याखाली वीस-एक मिनिटं धरली की चिप कोरी.

सूर्याच्या उन्हातही अतिनील प्रकाश असतो. दिव्याइतका तेज नाही, पण असतो. इंटेलच्या माहितीपत्रकातच छापलेलं असे, की थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. म्हणून खिडकीवर कागदी लेबल चिकटवायचं. माझ्या चिप्सवर लेबलं होती, पण बंगालच्या हवेत डिंक सुटला आणि उरलेला कागद कसरीनं खाल्ला. नऊपैकी सहा खिडक्या उघड्या पडल्या होत्या, आणि मी त्या आकाशाकडे तोंड करून मांडल्या.

त्यातली एक २७१६ होती. दोन किलोबाइटची. महूला मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये शिकत असताना आम्ही दोघांनी ८०८५ च्या ट्रेनिंग किटसाठी एक मॉनिटर प्रोग्राम लिहिला होता. खरं सांगायचं तर तीन हिस्से त्यानं, एक हिस्सा मी. हातानं, वहीत, एकेका सूचनेचा हेक्स कोड तक्त्यात शोधून. तो माझा कोर्समेट आज हयात नाही. उन्हानंतर मी ती चिप रीडरमध्ये लावली तर पहिल्या बाइटपासून दोन हजार अठ्ठेचाळीसाव्यापर्यंत सगळीकडे एफएफ, एफएफ, एफएफ. पुसलेली ईप्रॉम अशीच वाचली जाते.

तेव्हा पहिली गोष्ट ही घ्या. चिप साठवण्याआधी तिच्यात जे आहे ते वाचून फाइल करून ठेवा. स्वस्तातले यूएसबी रीडर मिळतात. फाइल दोन ठिकाणी ठेवा. मग खिडकीवर अपारदर्शक चिकटपट्टी लावा. काळी इन्सुलेशन टेप नको, दोन उन्हाळ्यांत तिचा चिकट लगदा होतो. जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपीबरोबर राइट-प्रोटेक्टच्या चांदीसारख्या छोट्या पट्ट्या यायच्या, आम्ही त्याच वापरायचो. आता अॅल्युमिनियम फॉइलची टेप मिळते, तिचा तुकडा पुरतो. अर्थात खिडकी झाकली म्हणजे प्रोग्राम अमर झाला असं नाही. बेटावरचा चार्ज वर्षानुवर्षं हळूहळू गळतच असतो आणि उष्णतेत लवकर गळतो. म्हणून आधी फाइल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बरेच जण विचारतात, चिप्सना स्थिर विजेचीच सगळ्यात जास्त भीती ना? मनगटाला पट्टा बांधायचा, गुलाबी पिशवीत ठेवायच्या, काळ्या फोममध्ये खोचायच्या, झालं. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो कोरड्या हवेतल्या माणसांनी लिहिलेला आहे. माझी काही पोस्टिंग लडाखला झाली. तिथे हिवाळ्यात रात्री स्लीपिंग बॅगची चेन उघडली की अंधारात ठिणग्या दिसतात, दरवाज्याच्या कडीला हात लावायची भीती वाटते. माणसाला जेव्हा झटका जाणवतो तेव्हा त्याच्या अंगावर साधारण तीन हजार व्होल्ट असतात. सत्तरच्या दशकातल्या मॉस चिपमधला ऑक्साइडचा थर एक दशांश मायक्रॉनच्या आसपास, तो शंभर-एक व्होल्टलाच फाटतो. म्हणजे तुम्हाला काही जाणवायच्या कितीतरी आधी चिप गेलेली असते. लेहमध्ये मनगटाचा पट्टा हा चैनीचा भाग नव्हे.

पण बराकपूरला? माझ्या खोलीतला आर्द्रतामापक जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या खाली क्वचितच उतरतो. दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा असतो, चार्ज त्यावरून वाहून जातो. इथे स्थिर वीज दोन नंबरची शत्रू. एक नंबर ओल. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांनाही हेच लागू. सोलापूर-नागपूरकडच्या मंडळींनी उन्हाळ्यात पट्टा विसरू नये.

आणि गंमत अशी, की स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या ज्या वस्तू आहेत त्यांतल्या काही ओलसर हवेत चिपच्याच मुळावर उठतात.

काळा फोम घ्या. नवीन असताना उत्तम वस्तू. कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे खोचलेल्या सगळ्या पायांना तो एकत्र जोडतो आणि कुठल्याही दोन पायांत व्होल्टेज तयारच होऊ देत नाही. पण जुना काळा फोम बहुतेकदा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या पाण्यानं तो विघटित होतो. आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो आणि त्यात खोचलेले पाय गंजतात. माझा एक सिरॅमिकचा झेड-८० असाच गेला. फोममधून उपसला तर सात पाय फोममध्येच राहिले. जुन्या चिप्स विकत घेताना त्या काळ्या फोममध्ये खोचलेल्या मिळाल्या, तर ‘मूळ पॅकिंग’ म्हणून हरखून जाऊ नका, घरी आणून त्याच दिवशी बाहेर काढा. काढताना नखानं एका टोकाकडून उचलू नका. पातळ स्क्रू ड्रायव्हर एकदा या टोकाखाली, एकदा त्या टोकाखाली, असं केसाकेसानं वर आणा.

पाय इतके सहज का तुटतात? सिरॅमिक चिपचे पाय तांब्याचे नसतात. ते कोव्हार नावाच्या मिश्रधातूचे असतात, लोखंड, निकेल आणि कोबाल्ट यांचा. सिरॅमिक आणि काच तापल्यावर जितकी फुगते तितकाच हा धातू फुगतो, म्हणून सांधा फुटत नाही. त्यासाठी तो निवडला. पण निम्म्याहून जास्त लोखंडच. वर सोन्याचा मुलामा असतो, पण तो इतका पातळ, की त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. ओल छिद्रांतून आत जाते, आतलं लोखंड गंजतं आणि पाय नेमका वाकवलेल्या जागी तडकतो. वरून सोनं पिवळंधमक, आत काही उरलेलं नाही. तेव्हा सोनं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

गुलाबी पिशवीचंही तसंच. साध्या पॉलिथीनमध्ये एक साबणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं, ते हवेतली ओल पृष्ठभागावर ओढून घेतं, म्हणून चार्ज जमत नाही. म्हणजे ही पिशवी कामच ओलीवर करते! शिवाय काही वर्षांत ते द्रव्य उडून जातं आणि उरते ती नुसती गुलाबी पिशवी. प्रवासाला ठीक, दहा वर्षांच्या साठवणीला नाही.

चांदीचा मुलामा असलेल्या पायांची गोष्ट वेगळीच. १९७१ मध्ये अमेरिकेनं डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. तोवर औंसाला पस्तीस डॉलर असलेलं सोनं १९८० च्या जानेवारीत साडेआठशेला जाऊन टेकलं. चिप कंपन्यांनी सोनं आवरतं घेतलं. त्या काळातल्या ७४०० मालिकेतल्या कितीतरी चिप्सचे पाय चांदीचे आहेत आणि आज ते काळे पडलेले दिसतात. हा गंज नव्हे, गंधकाशी चांदीचा संयोग. देव्हाऱ्यातलं निरांजन काळं पडतं तसंच. फौजी माणसाला काळं पडलेलं काही दिसलं की हात आपोआप ब्रासोकडे जातो. जाऊ देऊ नका. तो काळा थर म्हणजे चांदीच आहे, घासून काढलात तर मुलामाच निघून जाईल. काळे तर काळे, राहू द्या. फक्त वाढू देऊ नका. गंधक येतं कुठून ते बघा: रबर बँड, लोकर, काही प्रकारचे पुठ्ठे, आणि स्वयंपाकघर. मोहरी, कांदा, अंडी, तिन्हींत गंधकाची संयुगं, आणि बंगाली स्वयंपाकघरात या तिन्हींचा तुटवडा कधीच नसतो. माझी मांडणी पूर्वी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती. बायकोनं सरसूच्या तेलात इलिश तळायचा की मी चिप्स जपायच्या, हा वाद कोण जिंकणार ते मला आधीच ठाऊक होतं, म्हणून मांडणी हलवली.

आता मी काय करतो ते सांगतो. साठवण आणि मांडणी ही मी दोन वेगळी कामं मानतो. ज्या चिप्स चालू आहेत, ज्यांच्यात प्रोग्राम आहे किंवा ज्या पुन्हा मिळणार नाहीत, त्या डब्यात. ज्या मेल्या आहेत किंवा ढिगानं मिळतात, त्या भिंतीवर. मेलेली चिप बाहेरून हुबेहूब जिवंत चिपसारखीच दिसते, बघणाऱ्याचं काहीही नुकसान होत नाही. हा विचार मला फार उशिरा सुचला. तोवर मी चांगल्यातल्या चांगल्या चिप्स हौसेनं उजेडात मांडत होतो.

डबा म्हणजे स्वयंपाकघरातला रबरी कडेचा, चार बाजूंनी खटके बसणारा पॉलिप्रॉपिलिनचा डबा. लाकडी पेटी नको. लाकडातून आम्लाच्या वाफा निघत राहतात, प्लायवुड आणि एमडीएफमधून तर जास्तच. डब्यात ईपीई फोमचा, म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येणाऱ्या पांढऱ्या मऊ शीटचा थर, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल ताणून गुंडाळलेला, आणि त्यात चिपचे पाय हलकेच टेकवलेले. फॉइल सगळे पाय एकत्र जोडतो, म्हणजे काळ्या फोमचं काम झालं आणि भुगा नाही. मात्र हे डबा कोरडा असेल तरच. ओलीत दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले तर गंज उलट लवकर चढतो. ज्या चिप्स मूळ प्लॅस्टिकच्या नळीत आल्या त्या नळीसकट डब्यात. नळी कोपऱ्यांवर पिवळी पडून तडकली असेल तर बदला.

कोरडेपणासाठी सिलिका जेल, नारिंगी रंगाचं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते हाताळायला चांगलं नाही. नारिंगी जेल ओल पिऊन हिरवट झालं की ओव्हनमध्ये एकशे वीस अंशांवर दोन-तीन तास ठेवतो, पुन्हा नारिंगी. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, नाहीतर वाटेतच हवेतली ओल पिऊन बसतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवतो आणि काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राखतो. अगदी वीसवर आणायचा हट्ट नको, मग आपण बराकपूरला लेह करून ठेवतो आणि झाकण काढताना पुन्हा स्थिर विजेची काळजी. डांबराच्या गोळ्या, कापूर काहीही नको. त्यांची वाफ थंड पृष्ठभागावर पुन्हा स्फटिक होऊन बसते. आणि डबा एसीच्या खोलीतून बाहेर आणला तर लगेच उघडू नका, तासभर थांबा. गार चिपवर दमट हवा आली की चष्म्यावर येतं तसं दव धरतं.

मांडणीसाठी पावडर कोटिंग केलेली लोखंडी चौकट, पुढे अॅक्रिलिक. मखमल दिसते छान, पण धूळ आणि चार्ज दोन्ही धरते. मी साधा करडा पॉलिएस्टर फोम-बोर्ड वापरतो. चिप चिकटवायची नाही, ही अट. इन्स्टंट गोंदाच्या वाफेनं चिपवर पांढरी बुरशीसारखी झाक येते आणि दुहेरी टेप काढताना छपाई निघते. लेक्चर घेण्याच्या दिवसांतल्या फोटोकॉपीच्या ओएचपी शीट माझ्याकडे होत्या. त्या पॉलिएस्टरच्या असतात. त्यांची चार मिलिमीटरची पट्टी कापून चिपच्या अंगावरून नेतो आणि मागे गाठ मारतो. पट्टी दिसतही नाही. दिवा एलईडीचा, चौकटीच्या बाहेर, आणि कुणी बघायला आलं तरच लावायचा.

छपाईबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक फार नुकसान करतात. चिपच्या पाठीवर नावाखाली बहुधा चार आकडे असतात, समजा ८५४७. म्हणजे १९८५ सालचा सत्तेचाळीसावा आठवडा. तो तिचा जन्मदाखला. कितीतरी चिप्सवर तो नुसत्या शाईनं छापलेला असतो आणि अल्कोहोल लावलेल्या बोळ्यानं पुसला जातो. पाय स्वच्छ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं, पाठीला मात्र फक्त मऊ कोरडा ब्रश. बाजारात खोटी माणसं जुनी छपाई घासून काढून, वर काळा थर देऊन नवा आकडा छापतात. खरी छपाई आपल्याच हातानं पुसली, तर आपली चिप आणि त्यांची चिप यांत काय फरक राहिला?

हे चार आकडे किती बोलतात त्याचं उदाहरण देतो. माझ्याकडे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सच्या दोन चिप्स आहेत. सरकारी कारखाना, १९८४ मध्ये उत्पादन सुरू झालं, तेव्हाचं तंत्र पाच मायक्रॉनचं. फेब्रुवारी १९८९ मध्ये तिथे भीषण आग लागली आणि उत्पादन कित्येक वर्षं थांबलं. माझ्या एका चिपवर ८७ नं सुरू होणारा आकडा आहे, म्हणजे ती आगीआधीची. विकत घेतली तेव्हा तिची किंमत चहाच्या कपाइतकीही नव्हती. ती मी भिंतीवर लावत नाही. पुण्याच्या सी-डॅकनं डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप्सवर. तसा एक ट्रान्सप्युटर माझ्याकडे आहे, परममधलाच आहे असा दावा नाही. तोही डब्यातच.

या चिप्स कुठून येतात? बऱ्याचशा कोलकात्याच्या चांदणी बाजारातून. तिथे एका दुकानदारानं मला एकदा पेंटियम प्रोचा पसा भरून दाखवला होता. १९९५ ची ही चिप, सोन्यासाठी भंगारवाल्यांमध्ये प्रसिद्ध. म्हणाला, दादा, तुम्ही नग मोजता, तो दुसरा गिऱ्हाईक वजन करतो. वजन करणाऱ्याकडे गेलेली चिप आम्लात जाते. मी त्या दिवशी दोनच नग घेतले, खिशात तेवढेच पैसे होते.

आमचा बराकपूर ट्रंक रोड कोलकात्याकडे जाताना बारानगरला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून जातो. भारतातला पहिला डिजिटल संगणक, ब्रिटनहून आणलेला एचईसी-२एम, १९५५ मध्ये तिथेच आला. त्यात चिप एकही नव्हती, सगळ्या निर्वात नळ्या. याच संस्थेनं जादवपूर विद्यापीठाबरोबर १९६६ मध्ये आयएसआयजेयू-१ उभा केला, त्यात ट्रान्झिस्टर. चिपचं युग नंतरचं, म्हणजे माझ्या नोकरीच्या वयाचंच. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये तेवीसशे ट्रान्झिस्टर होते. ती माझ्याकडे नाही, आणि तिच्या आजच्या किमती बघता येईल असंही वाटत नाही.

माझं वेळापत्रक असं: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या डब्यांचे काटे वहीत लिहायचे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. भाद्रपदात बायको रजया वर नेते तेव्हा मी फक्त रिकामे डबे उन्हात ठेवतो.

शेवटी एक विनंती. १९८६ च्या सुमारास महूला असलेल्यांपैकी कुणी हे ऐकत किंवा वाचत असेल, तर घरातल्या जुन्या ट्रंका उघडून बघा. आमच्या त्या मॉनिटरच्या दोन-तीन प्रती तेव्हा मित्रांनी जाळून घेतल्या होत्या, ईप्रॉमवर लिहिण्याला आम्ही ‘जाळणं’ म्हणायचो. लेबलवर हिरव्या शाईत ‘मॉन-३’ असं लिहिलेलं असेल. सापडली तर खिडकीवर आधी काहीतरी चिकटवा आणि मग मला कळवा. वाचायचं काम मी करतो.